जुना ५५०डी आहे : बॉडी बदलू, लेन्स घेऊ की गप्प बसू?

चिपाड
रामराम मंडळी. माझ्याकडं २०११ साली घेतलेला कॅननचा ५५०डी आहे. सोबत आलेली १८-५५ लेन्स आहे आणि एक ट्रायपॉड, ज्याचा एक पाय अलीकडं स्वतःच्या मर्जीनं आखूड होतो. यंदाच्या हंगामात आमच्या कोल्हापूर भागातल्या गुऱ्हाळघरांचे फोटो काढायचं मनावर घेतलंय. आजूबाजूची गुऱ्हाळं एकेक करून बंद पडताहेत, म्हटलं चालू आहेत तोवर नीट काहीतरी करून ठेवावं.

अडचण अशी की पहाटे अंधारातच पहिली काहील (रस उकळायची मोठी कढई) चढते. वर पत्रा, एक एलईडीचा बल्ब, मागं चुलवाणाचा (काहिलीखालच्या भट्टीचा) जाळ आणि मधे नुसती वाफ. गूळ करणारा गुळव्या फावडं मारायला लागला की फोटोत त्याचे हात म्हणजे नुसता धूर. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) वाढवला की फोटोवर रवा सांडल्यासारखं दिसतंय.

हातात चाळीस हजार आहेत. बायकोच्या मते शून्य आहेत. यात जुनी का होईना पण नव्या पिढीची बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेऊ, की आहे त्याच कॅमेऱ्याला लेन्स, फ्लॅश, बरा ट्रायपॉड असलं सामान घेऊ? फोटो विकायचे नाहीत. झालंच तर गावच्या वाचनालयात १२ बाय १८ इंचाचे प्रिंट लावायचे आहेत.

पेठेतला_विंगर
भावा, आधी फोटो टाक. कॅमेऱ्याचं मागनं बघू.

मिररलेस_मामा
स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. ५५०डी २०१० चा आहे. कॅननचा शेवटचा नवा डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) म्हणजे २०२० चा ८५०डी. त्यानंतर कंपनीनं या बाजूला नवी बॉडी काढलेली नाही. म्हणजे आता तू जी डीएसएलआरची लेन्स घेशील ती बंद झालेल्या रस्त्यावरची गाडी.

थोडे पैसे जमव आणि आर१० (कॅननचाच मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा) घे. तुझ्या ५५०डीला फोकसचे ९ पॉइंट, त्यातला मधला एकच अंधारात भरवशाचा. आर१० माणसाचा डोळा स्वतः शोधून धरतो. तुझा सेकंदाला ३.७ फोटो काढतो, हा मेकॅनिकल शटरवर १५. गुळव्याच्या फावड्याचा नेमका क्षण सापडणारच. वापरलेला मिळाला तर बजेटपासून फार लांब जाणार नाहीस.

दाजीपूरचा_गवा
लांबचं जवळ आणणारी ५५-२५० एसटीएम लेन्स घे. हलकी, स्वस्त आणि शार्प. तुझ्यासारख्या क्रॉप (लहान) सेन्सरवर २५० म्हणजे ४०० चा आवाका. राधानगरीच्या जंगलात मी हीच वापरतो.

पेठेतला_विंगर
@गवा, गुळव्या काय लांबनं बुजून पळतोय काय ओ?

दाजीपूरचा_गवा
गुळव्याचं माहीत नाही, पण धागा वाचून मीच बुजलो. बरं, शाहू स्टेडियमवर फुटबॉलला तरी चालेल की नाही?

पेठेतला_विंगर
तिथं चालतीया. दुपारी चारच्या उन्हात एफ ५.६ वर (हा आकडा जेवढा लहान, तेवढं लेन्सचं भोक मोठं) हजारचा शटर, म्हंजे सेकंदाचा हजारावा भाग, निवांत मिळतो. मी गोलपोस्टच्या मागं बसून तीच लावतो. फक्त आपल्या पेठेचा गोल झाला की हात थरथरतात, त्यावर अजून कुठल्या कंपनीनं स्टॅबिलायझर काढलेला नाही.

आक्का_राजारामपुरी
दोन्ही बाजूंनी सामान खरेदीची घाई चाललीय. चिपाड, तुझ्या बिघडलेल्या फोटोंपैकी एक उघड आणि त्याचा तपशील इथं लिही : फोकल लेन्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) किती, शटर किती, एपर्चर (तोच एफचा आकडा) किती, आयएसओ किती. आणि जेपीईजी काढतोस की रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल)? त्यावरून कळेल नेमकं काय कमी पडतंय. त्याशिवाय सल्ला द्यायचा म्हणजे पेशंटला न बघता औषध.

चिपाड
आक्का, हे घ्या. गुळव्याच्या चेहऱ्याचा फोटो : ५० मिमी, १/२५, एफ ५.६, आयएसओ ३२००. जेपीईजी. आख्ख्या गुऱ्हाळाचा : १८ मिमी, १/३०, एफ ३.५, आयएसओ १६००. दुसरा त्यातल्या त्यात बरा आलाय, पहिला पार गेलाय.

आक्का_राजारामपुरी
आता बोलता येईल.

पहिल्या फोटोत शटर १/२५ आहे. फावडं मारणारा माणूस १/२५ वर स्थिर येणं शक्य नाही, कॅमेरा कुठलाही असो. तुझ्या लेन्सवर आयएस आहे हे खरं, पण तो तुझा हात स्थिर करतो, गुळव्याचा नाही. म्हणजे हवाय तो जास्तीचा उजेड, आणि तो लेन्समधून आत यायला पाहिजे. ५० मिमीवर एफ ५.६ च्या जागी एफ २.८ मिळालं की चौपट उजेड. त्याच आयएसओवर शटर १/२५ वरून थेट १/१०० वर जातं.

आणि हा १/१०० चा आकडा लक्षात ठेव. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साधे एलईडी आणि ट्यूबा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/५० किंवा १/१०० वर फोटो एकसारखे येतात. त्याहून वेगात गेलास की एक फोटो उजळ, पुढचा काळपट, एखाद्यात आडवा पट्टा. गुऱ्हाळातला तो एकुलता एक बल्ब हेच करणार.

बाकी प्रिंटची काळजी सोड. ५५०डीचा फोटो ५१८४ बाय ३४५६ पिक्सेलचा असतो. १२ बाय १८ ला इंचाला २८८ पिक्सेल पडतात. वाचनालयात भिंगं घेऊन कुणी येत नाही.

खिद्रापूर_खांब
मग विषयच संपला की. ५० मिमी एफ १.८ एसटीएम, दहा हजारांच्या आसपास, डोळे झाकून घे. एफ ५.६ पेक्षा जवळपास दहापट उजेड. मी कोपेश्वराच्या मंदिरात हीच घेऊन फिरतो. स्वर्गमंडपात वरून ऊन येतं, पण आत सभामंडपात शिरलं की दगड सगळा उजेड पिऊन टाकतो. तिथं किट लेन्सनं मी कधीच हात टेकले होते.

लग्नाचा_सीझन
डोळे झाकूनच घ्यावी लागेल, कारण उघडे ठेवले तर फ्रेममध्ये गुळव्याचं नाक सोडून काही दिसायचं नाही. क्रॉप बॉडीवर ५० म्हणजे ८०. मंदिरात मागं सरकायला जागा असते, गुऱ्हाळात मागं चुलवाण असतंय खांब साहेब.

दुसरं असं की एफ १.८ वर दोन मीटरवरच्या माणसाचा फोकसमधला भाग जेमतेम अर्धी वीत. डोळे धरले तर फावडं गेलं, फावडं धरलं तर डोळे गेले. त्यात ५५०डीला फोकस मायक्रो अ‍ॅडजस्टमेंटची सोय नाही. लेन्स जरा पुढं-मागं फोकस करणारी निघाली तर लाइव्ह व्ह्यूवर (मागच्या पडद्यावर बघून फोकस) जाण्याशिवाय इलाज नाही.

खिद्रापूर_खांब
एफ २.८ वर ठेवायची हो, १.८ वर ठेवायची सक्ती आहे काय! पण जागेचा मुद्दा मान्य. चिपाड, गुऱ्हाळ केवढं आहे?

चिपाड
काहिलीपासून सहा-सात पावलं मागं गेलं की पाठ चिपाडांच्या ढिगाला लागते. आख्खी काहील, वाफ आणि दोन माणसं घ्यायची तर १८-२० वरच यावं लागतं. चेहऱ्यांसाठी ४०-५०.

आक्का_राजारामपुरी
मग तुला झूमच पाहिजे, पण उजेडाची. सिग्माची १७-५० एफ २.८ ओएस (सिग्माचा आयएस) नाहीतर टॅमरॉनची १७-५० एफ २.८, दोन्ही वापरलेल्या मिळतात. रुंद बाजूला फार फरक पडणार नाही, ३.५ ते २.८ म्हणजे पाऊण स्टॉपही नाही (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). पण ५० कडं पूर्ण दोन स्टॉप, आणि तुझा फोटो गेलाय तो तिथंच.

गूगल_पे_फोटो
एवढं सगळं करण्यापेक्षा बरा फोन घ्या ना. नाईट मोडमध्ये माझा फोन रंकाळ्याचे असले फोटो काढतो की बघत राहाल.

लग्नाचा_सीझन
रंकाळा हलत नाही म्हणून. नाईट मोड एकापाठोपाठ बरेच फोटो घेऊन एकत्र जोडतो. तलाव, संध्यामठ, लांबचे दिवे यांना ते मस्त जमतं. हलणाऱ्या माणसाला चार हात फुटतात. गुळव्याला चार हात असते तर त्याला आवडलंच असतं म्हणा.

शनिवारवाडा_खिडकी
वाचतो आहे. एक शंका : ‘गुळव्या’ म्हणजे नेमके कोण? आणि हे काम रात्रीच का करतात? दिवसा केले तर प्रकाशाचा प्रश्नच मिटेल.

पेठेतला_विंगर
पुण्यासनं आलेला प्रतिसाद ओळखायला नाव वाचावं लागत नाही. दादा, गुऱ्हाळ दुपारी एक ते चार बंद ठेवायची पद्धत अजून हितं आली नाही.

चिपाड
@खिडकी, काहिलीतल्या रसाचा पाक कधी झाला आणि ती कधी उतरवायची हे ठरवणारा कसबी माणूस म्हणजे गुळव्या. रस तापायला लागला की वर मळी येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. मग फेस चढतो, बुडबुड्यांचा आकार बदलतो. शेवटी तो पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटानं गोळी करून बघतो. गोळी जमली की चौघं मिळून काहील ओढतात आणि पाक वाफ्यात (गार करायच्या पसरट हौदात) ओततात. या सगळ्यात यंत्र नाही, थर्मामीटर नाही. मला तो गोळी बघतानाचा फोटोच हवाय, आणि तेवढ्यात वाफ अशी दाटते की माणूसच दिसेनासा होतो.

दिवसाही काम चालतंच. पण जाळ आणि वाफ अंधारातच उठून दिसते.

शनिवारवाडा_खिडकी
उत्तम माहिती. धन्यवाद. विंगर यांच्या टोमण्याची नोंद घेतली आहे. उत्तर चार वाजल्यानंतर देण्यात येईल.

लग्नाचा_सीझन
वाफेवरून एक महत्त्वाचं सांगतो. फ्लॅश घ्यायचा विचार असेल तर कॅमेऱ्यावर लावून समोरून मारू नको. वाफ पांढरी भिंत होते आणि गुळव्या तिच्या मागं गडप. छताला मारून परतवायचं म्हणशील तर तुझा पत्रा धुरानं काळा झालेला, तिथून काहीच परत येणार नाही.

उजेड मागनं पाहिजे. एक छोटा एलईडी पॅनल किंवा वायरलेस फ्लॅश काहिलीच्या पलीकडं, जरा बाजूला, उंचावर बांध. मग तीच वाफ आतनं पेटल्यासारखी दिसते आणि माणसाची कड सुटी होते. लग्नात धुराचं मशीन लावतात ना, तिथं आम्ही हेच करतो. तुला तर खरा धूर फुकटात मिळतोय. फ्लॅश वापरलास तर ५५०डीवर शटर १/२०० च्या पुढं नेऊ नको, फोटोत काळी पट्टी येईल.

खिद्रापूर_खांब
हे मला पटत नाही. गुऱ्हाळातला उजेड म्हणजे चुलवाणाचा जाळ आणि तो पिवळट बल्ब. तिथं पांढरा पॅनल नेऊन बांधला की गुऱ्हाळाचा सेट झाला. आहे त्या उजेडात काढ, थोडं हललं तर हलू दे. हलणाऱ्या फावड्यानं फोटो जिवंत वाटतो. चेहरा स्थिर असला म्हणजे झालं.

लग्नाचा_सीझन
पॅनलवर नारिंगी जिलेटीन (रंगीत पारदर्शक कागद) लावायचं हो. पण ठीक आहे, तुमचा मुद्दाही खोटा नाही. फावडं हललेलं आणि चेहरा स्थिर, असा फोटो १/५० च्या आसपास सापडतो, पंचवीसातला एखादा.

कॅमेरा_स्तंभ
अवांतर, पण कोल्हापूरकरांनी कॅमेरा जुना झाला म्हणून रडावं याचं वाईट वाटतं. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला, त्या गावात! परदेशी यंत्र परवडत नव्हतं, सुटे भाग मिळत नव्हते, तर गड्यानं खटपट करून उभं केलं आणि त्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचे सिनेमे काढले. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. रोज त्याला वळसा घालून जाणाऱ्या निम्म्या लोकांना तो कशाचा हे माहीत नाही.

पेठेतला_विंगर
म्हंजे आता चिपाडनं लेथवर बसून लेन्स घासायची म्हणताय?

कॅमेरा_स्तंभ
उद्यमनगरात सांगितलं तर तेही करून देतील. बिल मात्र किलोवर लावतील.

आक्का_राजारामपुरी
:) विषयावर या. चिपाड, तू जेपीईजी काढतोस म्हणालास. पैसे खर्च करण्याआधी रॉ चालू कर. ती दाणेदार दिसणारी अडचण त्यातच बरीच सुटेल. आता नॉईज काढणारी सॉफ्टवेअर पूर्वीसारखी चेहरा मेणाचा करत नाहीत. लाइटरूमचं डीनॉईज २०२३ मध्ये आलं, त्यात जुन्या कॅमेऱ्यांच्या रॉ फायलीही साफ होतात. फक्त कॉम्प्युटरला बरं ग्राफिक कार्ड लागतं, नाहीतर एका फोटोला चहा होतो. फुकटात हवं असेल तर डार्कटेबल आहे, रॉथेरपी आहे.

मिररलेस_मामा
मधे गावाला गेलो होतो, आता सगळं वाचलं. लेन्सचं गणित मान्य. पण आक्कांनी एक गोष्ट सोयीस्कर गाळली. त्या काळच्या कॅनन सेन्सरची खरी दुखणी आयएसओत नव्हेत, सावल्यांत आहेत. जाळ पांढरा फटक होऊ नये म्हणून फोटो अंधारा घेतला आणि नंतर सावल्या उचलल्या (कॉम्प्युटरवर उजळल्या), की त्यात उभे-आडवे पट्टे दिसतात. रॉ घेतला तरी दिसतात. गुऱ्हाळात एका बाजूला चुलवाण आणि दुसऱ्या बाजूला काळोख. म्हणजे नेमकी हीच अडचण. नव्या बॉडीत सावल्या किती स्वच्छ उचलल्या जातात ते एकदा बघा, मग बोला.

आक्का_राजारामपुरी
गाळली नव्हती मामा, तुमच्यासाठी ठेवली होती. खरी आहे. मीही त्यासाठीच बॉडी बदलली. पण माझ्या १८-५५ सकट बदलली असती तर मला एफ ५.६ च मिळालं असतं, नव्या बॉडीवर. तुमच्या आर१० सोबत येणारी १८-४५ तर ४५ ला एफ ६.३ आहे. गुळव्या तिथंही हललेलाच.

मिररलेस_मामा
हं. ते आहेच. मग निदान ईएफ माउंटचीच (कॅननच्या डीएसएलआरवर बसणारी) लेन्स घे म्हणजे पुढं अ‍ॅडॉप्टर लावून आर बॉडीवर ऑटोफोकससकट चालेल. दुसऱ्या कंपनीची असेल तर ज्या बॉडीवर जायचंय तिच्यावर एकदा लावून बघ.

पन्हाळा_धुकं
लेन्स कुठली घ्यायची ते तुम्ही ठरवा, ती टिकवायची कशी ते मी सांगतो. पहाटेच्या गारठ्यातनं गार कॅमेरा वाफेत नेला की काच लगेच धुरकटते. शर्टाच्या टोकानं पुसायचं नाही. कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून गुऱ्हाळातच ठेवायचा आणि तोवर रस प्यायचा. पिशवीच्या बाहेरून दव धरतं, आत कॅमेरा कोमट होतो. मग काढायचा.

वाफेबरोबर रसाचा चिकटा उडतो, म्हणून पुढं साधा यूव्ही फिल्टर लावलेला बरा. काम झालं की फिल्टर काढून धुता येतो.

ज्योतिबाच्या चैत्र यात्रेला जाणार असशील तर गोष्ट वेगळी. गुलाल पिठाहून बारीक. झूम पुढं-मागं केली की लेन्स हवा ओढते आणि हवेबरोबर गुलाल आत. सासनकाठ्या नाचायला लागल्यावर लेन्स बदलायचा तर विचारही नको. माझ्या ओळखीतल्या एका लेन्सच्या आतल्या कडेला अजून गुलाबी रेघ आहे. यात्रेतनं आल्यावर आधी रबरी ब्लोअर, मग ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. आधीच पुसलंस तर तोच गुलाल काच घासतो.

पावसाळ्यात बुरशी. पन्हाळ्यावर आमच्या कपाटातली चप्पलसुद्धा हिरवी होते. कॅमेऱ्याची बॅग ओल धरते म्हणून जून ते सप्टेंबर बॅगेत कॅमेरा ठेवायचा नाही. झाकण घट्ट बसणारा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या मधे राहिला की निवांत. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तापवून परत वापरायचं.

पेठेतला_विंगर
डबा आमच्यात होता, आईनं त्यात चिवडा भरलाय.

जयंती_नाला
मी एवढंच म्हणेन की त्या चाळीस हजारांतून आधी दोन हार्ड डिस्क घे आणि उरलेल्यात काय ते बघ. आमचं घर शाहूपुरीत. २०१९ च्या ऑगस्टात पाणी रात्रीतनं वर आलं. माणसं, गॅस, कागदपत्रं वर नेली. कॉम्प्युटर आणि शेजारची डिस्क खालीच राहिली. वडिलांनी जमवलेलं सगळं, लग्नाचे, बारशाचे, रंकाळ्यावरच्या जुन्या टपऱ्यांचे फोटो. डिस्क नंतर दुरुस्तीला दिली, आतनं चिखलच निघाला. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

एक डिस्क घरात, दुसरी दुसऱ्या गावात. नदीकाठच्या गावात तर नक्कीच.

कॅमेरा_स्तंभ
याला अनुमोदन. २०२४ च्या ऑगस्टात केशवराव भोसले नाट्यगृह जळलं, त्यानंतर जो तो आपले जुने फोटो धुंडाळत होता. रंगमंचाचे, आतल्या खुर्च्यांचे, मेकअप रूमचे. माझ्याकडं एका स्नेहसंमेलनात काढलेले निघाले, ६ मेगापिक्सेलच्या डबड्यावरचे. कुणी विचारलं नाही कुठल्या कॅमेऱ्यावर काढले. तू गुऱ्हाळं बंद पडायच्या आत फोटो काढतोयस, म्हणजे तुझेही असेच धुंडाळले जाणार. जपून ठेव.

इचलकरंजी_लूम
उशिरा आलो. माझ्याकडं सिग्मा १७-५० एफ २.८ आहे, कॅनन माउंट. मी मिररलेसवर गेलोय (मामांचंच ऐकून), आता पडून आहे. चिपाडना हवी असेल तर बघा.

पेठेतला_विंगर
मामा एका हातानं गिऱ्हाईक पळवतात, दुसऱ्या हातानं आणून देतात.

लग्नाचा_सीझन
चिपाड, बघायला जाशील तेव्हा मोबाईलची बॅटरी पेटवून एका बाजूनं आत मार आणि दुसऱ्या बाजूनं बघ. धुळीचे चार कण असू देत, त्यानं काही होत नाही. कोळिष्टकासारखे तंतू किंवा काचेच्या कडेनं दुधी ठिपके दिसले तर ती बुरशी, उठून यायचं. झूम फिरवून बघ कुठं अडखळते काय. लेन्स खाली धरल्यावर आपोआप लांब होते काय. तुझी बॉडी सोबत ने आणि एफ २.८ वर १७, ३० आणि ५० ला पेपराचा फोटो काढ, चारी कोपरे मोठे करून बघ. एक बाजू धूसर आली तर आतलं भिंग तिरकं बसलंय. आणि ओएस चालू केल्यावर हलका आवाज येतो तो येऊ दे, खरखर नको.

इचलकरंजी_लूम
सगळं करा, चहा पण घ्या. बुरशी नाही, आमच्याकडं मागाच्या उष्णतेनं घरच कोरडं असतं. कापसाची धूळ मात्र लावू नका हिशेबात, ती इचलकरंजीत फुकट मिळते.

चिपाड
जाऊन बघून आलो. वरचं सगळं करून बघितलं. ५० ला डावा कोपरा किंचित मऊ वाटला, पण एफ ४ वर नीट आहे आणि मला कोपऱ्यात वाफच हवीय. घेतली.

काल पहाटे नेली होती. रॉ, एफ २.८, १/१००, आयएसओ ३२००. गोळी बघतानाची बोटं स्वच्छ आली. चेहऱ्यावर वाफ आडवी आलीय, पण ती राहू दे असं घरच्यांचंही मत पडलं, आणि हे विशेष. मामा म्हणतात ते सावल्यांतले पट्टे आहेत, चुलवाणाच्या बाजूचा काळोख उचलायला गेलो की दिसतात. मग नाही उचलला. काळाच ठेवला. सीझनभाऊ, पॅनल पुढच्या खेपेला मागनं लावून बघणार, खांब साहेबांची परवानगी गृहीत धरतो.

उरलेल्यात एक हार्ड डिस्क आणि डबा. दुसरी डिस्क बहिणीकडं गडहिंग्लजला ठेवायची, ती पगारानंतर. बॉडी शटर जाईपर्यंत हीच. एक लाख फोटोंचा अंदाज सांगतात, किती झाले ते फोटोच्या तपशिलात कुठं दिसत नाही.

आक्का_राजारामपुरी
कॅनन ते साध्या फाइलमध्ये लिहीत नाही. यूएसबीनं जोडून वाचणारी छोटी प्रोग्रॅम मिळतात, पण कशाला बघतोस? आकडा बघितल्यानं शटर लांबत नाही. फोटो टाक.

मिररलेस_मामा
दोन वर्षांनी परत याच धाग्यावर भेटू.

शनिवारवाडा_खिडकी
चार वाजून गेले आहेत. विंगर यांना उत्तर : सदर गुळाची एक ढेप पुण्यास पाठवल्यास टोमणा विसरण्यात येईल.

पेठेतला_विंगर
कुरिअरनं पाठवतो, दार उघडा फक्त.

दाजीपूरचा_गवा
लेन्स केवढ्याला पडली ते कुणी विचारलंच नाही.

इचलकरंजी_लूम
व्यनित (खाजगी निरोपात). इथं लिहिलं तर चिपाडची बायको वाचेल.